कोपऱ्यातला गट जगतो का?

मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात एक कोपरा असतोच, जिथं झिजलेली बेअरिंग, फुटके पंखे आणि गंजलेली झाकणं साठत जातात. मुद्दाम आणून कुणी टाकत नाही, आणि न्यायचं म्हटलं तर भंगारवालासुद्धा दोनदा विचार करतो. मग एक दिवस बघावं तर ढीग छातीला लागलेला! किश्श्यांचं अगदी तसंच आहे. एकेक घडताना कुणी लक्ष देत नाही. आमच्या गो खेळणाऱ्या मंडळींच्या किश्श्यांचा ढीग तर असा वाढला, की त्यातला एखादा ओढून काढावा तर वरचे चार अंगावर येतात.

हा ढीग उपसायची वेळ आली ती पळसदेवच्या तात्यांमुळं. तात्या म्हणजे आमच्यातले वडीलधारे. उजनीच्या पाण्यावर टोमॅटो, कोबी, दोडका करणारे. नव्वदच्या दशकातली गोष्ट. एका उन्हाळ्यात तात्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डोळे उघडे, पण ओळख दिसेना. बारामतीचे डॉक्टर म्हणाले, "यांना किती कळतंय ते आत्ता सांगता येत नाही. वाचा परत येईल, न येईल. पण खोलीत शांतता ठेवू नका. बोलत राहा!"

बोलत राहा! हे कुणाला सांगत होते डॉक्टर? मला आणि टँकरवाल्या बापूला! आम्हाला उलटं सांगितलं असतं तर अवघड गेलं असतं.

तेव्हापासून माझं रिवाइंडिंगचं दुकान आवरलं की मी आणि बापू पळसदेवला तात्यांच्या खाटेपाशी. आणि हे सगळे किस्से तिथं, त्यांच्या तोंडाकडं बघत बघत सांगितलेले.

*

आधी गो म्हणजे काय ते सांगतो. आमच्या तालुक्यात हा खेळ बारामतीच्या एमआयडीसीतल्या एका साहेबांनी आणला. कंपनीनं त्यांना ट्रेनिंगला जपानला धाडलं होतं. लोकं तिकडनं कॅमेरा आणतात, घड्याळ आणतात. साहेबांनी हा खेळ आणला!

उभ्या-आडव्या रेघांचा पट. एकाचे काळे दाणे, एकाचे पांढरे. आळीपाळीनं एकेक दाणा ठेवायचा. चारी बाजूंनी घेरला गेला की गट मेला, उचलून बाहेर. पण घेरलेल्या गटाच्या पोटात दोन वेगवेगळ्या मोकळ्या जागा राहिल्या, तर त्याला मारायला ब्रह्मदेवाचा बापसुद्धा येऊ शकत नाही. त्या मोकळ्या जागांना म्हणायचं डोळे. दोन डोळे असले की गट अमर. एवढं समजलं की तुम्ही आमच्यात बसलात.

अख्खा डाव खेळायला आमच्याकडं वेळ नव्हता. तात्यांचं पाणी, बापूचा दुधाचा टँकर, माझं वाइंडिंग. म्हणून आम्ही नुसती कोडी सोडवायचो. पटाच्या एका कोपऱ्यात अडचणीत आलेला गट मांडायचा, आधी चाल कुणाची ते ठरवायचं आणि विचारायचं, "हा जगतो का मरतो?" नियम एकच. दाण्याला बोट लावायचं नाही. सगळ्या चाली डोक्यात करायच्या.

साहेबांची सासुरवाडी वरकुट्याची. तिथल्या विहिरीवरची मोटार जळाली, ती घेऊन ते एका रविवारी इंदापूरला माझ्या दुकानात आले. बसल्या बसल्या काउंटरवर खडूनं रेघा मारल्या, माझेच काळे नट आणि पांढरे वॉशर घेऊन कोडं मांडलं. शेजारी तात्या आपल्या मोटारीची वाट बघत बसलेले.

"काय जुगार हाय का सायेब?"

साहेबांनी नीट समजावून सांगितलं. तात्यांनी चष्मा पुसला, बघितलं आणि ठासून उत्तर दिलं.

साहेब म्हणाले, "चूक."

"मग बरुबर काय?"

"ते सांगायचं नसतं, तात्या. आपलं आपण शोधायचं."

तात्यांनी शांतपणे चष्मा खिशात घातला. "आसं व्हय? मग तुमची मोटार बी आज मिळायची न्हाय. कुठं जळाली ते आपलं आपन शोधा!"

माझं दुकान, माझं गिऱ्हाईक, आणि हुकूम तात्यांचा! दुसऱ्या दिवशी मी शटर वर करतोय तोवर तात्या पळसदेवहून पहिल्या एसटीनं हजर. तोंड धुतलेलं नाही, सदऱ्याची बटणं खालीवर. म्हणाले, "सापडलं! सायबाला बोलवा!"

साहेब बारामतीला ड्यूटीवर. तात्या रविवारपर्यंत ते उत्तर पोटात घेऊन फिरले. काकू, म्हणजे तात्यांची मंडळी, सांगतात, जेवण कमी झालं होतं!

*

खरे दगडी दाणे साहेबांकडंच. आम्ही प्लायवूडवर रेघा मारल्या. काळे म्हणून चिंचोके, पांढरे म्हणून पावटे.

पावसाळ्यात एक कोडं पटावर मांडून ठेवलेलं होतं. कुणालाच सुटेना. पांढऱ्याचा गट काही केल्या मरत नव्हता. साहेबसुद्धा कपाळाला हात लावून बसलेले. पुढच्या रविवारी येऊन वरचं फडकं काढलं, तर काय! पावट्यांना भुंगा लागलेला. पांढऱ्या गटाचं नुसतं पीठ राहिलेलं आणि काळा ताठ मानेनं उभा!

साहेब गंभीरपणे म्हणाले, "ही चाल जपानमध्ये मी पाहिली नाही."

तात्या म्हणाले, "सायेब, चिंचोक्याला न्हाय, पावट्यालाच लागला न्हवं? मग काळा जिकला. नोंद करा!"

पुढं मी शिंप्याकडनं पांढरी बटणं आणली. तरी तात्या प्रत्येक बटण हलवून बघायचे, आतून पोकळ आहे का म्हणून.

*

बापूचं सांगायचं तर त्याच्या आजोबांचा मेंढरांचा कळप होता, बापू दुसऱ्याचा दुधाचा टँकर चालवतो. पणदऱ्याला दूध भरायचं आणि बारामतीला डेअरीत ओतायचं. एवढाच रस्ता. डोळे मिटून जाईल असा.

एकदा साहेबांनी एक कोडं दिलं आणि बापू ते डोक्यात घेऊन गाडीत बसला. पणदऱ्याला दूध भरलं. तिसऱ्या चालीला अडकला. चौथ्या चालीला पांढऱ्यानं डाव उलटवला. बापू पुन्हा पहिल्यापासून. असं करत करत उत्तर सापडलं, आणि बघतो तर समोर माझं दुकान! बारामती कधी आली, कधी गेली, पत्ता नाही. अहो, बारामती हे काय न दिसण्याएवढं गाव आहे का? बाजार, स्टँड, पोलीस, सगळ्यांच्या मधून दुधाचा टँकर घेऊन हा माणूस कोपऱ्यातला गट जगवत इंदापूरला आला!

उडी मारून खाली उतरला आणि ओरडला, "सापडलं!"

साहेब योगायोगानं दुकानात होते. त्यांनी उत्तर ऐकलं आणि म्हणाले, "चूक."

तोवर बाहेर उन्हात टँकर तापत उभा. बापू परत बारामतीला पोहोचला तेव्हा डेअरीवाल्यानं झाकण उघडून वास घेतला आणि झाकण लावलं. बापूला काही बोलला नाही. जिथं बोलायला हवं होतं तिथं, टँकरच्या मालकाकडं, बोलला. बापू महिनाभर गाडीवरून खाली!

त्या महिन्यात तात्यांनी त्याला आपल्या मळ्यात कामाला घेतला, दोन वेळा जेवू घातला, आणि रोज न चुकता विचारलं, "बापूराव, आज ताक कुटं पोचवायचं?"

हा किस्सा खाटेपाशी सांगितला तेव्हा बापू एकदम म्हणाला, "हासले! तात्या हासले, आत्ता, वठाच्या कडंला!"

मी बघितलं. माशी बसली होती. पण ती मी हाकलली नाही. बापूचं तोंड बघून हाकलवेना.

*

हा पुढचा किस्सा काकूंनीच सांगितला. तात्यांच्या पायाला तेल चोळता चोळता.

तात्यांनी एका साली कोबीची रोपं लावली. बांधाला लागून जो कोपरा होता, तिथं रोपं रांगेत नाहीत, वेडीवाकडी. मधेच दोन जागा मोकळ्या. काकूंनी विचारलं, "ही दोन खळी का सोडली?"

तात्या म्हणाले, "ती मोकळी हायत म्हनून बाकीची जिती हायत."

"आता हे काय नवीन खत काढलं?" काकूंनी कपाळावर हात मारला. पण जमीन मोकळी बघवत नाही, माळ्याची लेक. तात्या बाजाराला गेले आणि काकूंनी दोन्ही जागी मेथी टाकली.

मेथी उगवली तेव्हा तात्यांच्या ध्यानात आलं. कोबीच्या कोपऱ्यात मटकन बसले. "आगं, काय केलंस! आपल्याच हातानं आपले दोनी डोळं बुजवलंस! मारलंस गं सगळ्यांना!"

शेजारच्या वस्तीवरची माणसं काठ्या घेऊन पळत आली. बघतात तर कोबी टवटवीत, मेथी हिरवीगार, आणि मधे तात्या सुतक धरून बसलेले!

रविवारी आम्ही सगळे जेवायला. काकूंनी ताटात मेथीची भाजी वाढली आणि म्हणाल्या, "खावा. तुमचा मेलेला गट हाय."

साहेबांनी तीनदा मागून घेतली.

सांगून झाल्यावर काकूंनी तात्यांच्या तोंडाकडं बघितलं. मग तेलाची वाटी उचलून आत गेल्या. आतून म्हणाल्या, "यंदा तो कोपरा मोकळाच ठेवलाय म्या. अख्खा."

*

पळसदेवचं जुनं गाव उजनीच्या पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी हटलं की जुनं देऊळ वर येतं. एका कोरड्या साली साहेबांना देऊळ बघायची हौस आली. आम्ही चौघं भेगाळलेल्या गाळातनं चालत गेलो. तात्या सगळ्यात मागं, चपला हातात.

देवळात शिरल्या शिरल्या साहेब ओरडले. फरशीवर रेघा! उभ्या, आडव्या, दगडात कोरलेल्या. साहेब गुडघ्यावर बसले, रुमालानं गाळ पुसायला लागले. "अरे, हा खेळ इथं होता! शेकडो वर्षांपूर्वी! कुठून आला असेल? व्यापारी आले असतील... समुद्रमार्गे... मग घाटातून..."

साहेब जपानवरून निघून कोकणात उतरून बोरघाट चढेपर्यंत तात्या खांबाला टेकून ऐकत होते. मग म्हणाले, "सायेब, त्या रेघा म्या काढल्यात."

"तुम्ही?"

"म्या आन् माज्या भावानं. बारकं होतो. म्हशी राखायला यायचो. वाघ-बकरी खेळायला काढल्या, खिळ्यानं. आयनं लई हानलं हुतं, देवळाची फरशी खराब केली म्हनून."

साहेबांचा घाट तिथंच कोसळला. म्हणाले, "अहो तात्या, मग आधी का नाही सांगितलं?"

"पाण्याखाली हुतं."

एवढंच बोलले. मग त्या रेघांपाशी बसले, खडे गोळा केले, आणि साहेबांना वाघ-बकरी शिकवली. ऊन उतरेपर्यंत कुणी गोचं नाव काढलं नाही.

हे सांगितलं त्या दिवशी तात्यांच्या डाव्या डोळ्यातनं पाणी आलं. बापूनं दुसऱ्याच दिवशी मला बारामतीला नेऊन डॉक्टरला विचारून घेतलं. डॉक्टर म्हणाले, "या आजारात डोळ्यातून पाणी येतं. त्यावरून काही धरू नका."

बापू बाहेर आल्यावर मला म्हणाला, "डाक्टरला देऊळ कुटं म्हाईत हाय?"

*

साहेबांची बदली झाली, लांब गुजरातेत. तेव्हा मोबाइल नव्हते. स्टँडवरच्या एसटीडी बूथवर जायचं, काचेच्या खोक्यात उभं राहायचं, लाल आकडे पळताना बघायचे आणि घाईघाईनं बोलायचं. सगळी दुनिया घाईनं बोलायची. एक तात्या सोडून!

तात्यांनी एक कोडं स्वतः रचलं होतं. ते साहेबांना घालायचं म्हणून फोन लावला. दार उघडंच ठेवलं, आत उकडतं म्हणून. "लिवून घ्या सायेब. डावा कोपरा. काळा: दोनावर तीन. चारावर एक. तिनावर पाच..."

बाहेर रांगेत कंडक्टर, हमाल, पानवाला. तात्यांचा आवाज पाणी द्यायच्या सवयीचा, शेताच्या ह्या टोकाहून त्या टोकाला जाणारा. सगळ्यांचे कान टवकारले. म्हातारा गुजरातेत मटक्याचे आकडे देतोय! दुपारपर्यंत सबंध स्टँडनं 'चारावर एक' लावला म्हणतात. आणि लागला म्हणतात! मी बघितलं नाही, पण पानवाल्यानं त्यानंतर तात्यांकडनं पानाचे पैसे कधी घेतले नाहीत, हे मी बघितलंय.

असो. आकडे सांगून झाले आणि तात्या गप्प झाले. पलीकडं साहेबही गप्प. मीटर पळतंय. रांगेतली माणसं ओरडायला लागली. बूथवाल्यानं आत डोकं घातलं, "तात्या, पलीकडं कोन बोलत न्हाय. लाईन तुटलीय. ठेवा!"

तात्यांनी रिसीव्हर छातीशी धरला. "तुटली न्हाय. विचार करत्यात. माणूस हाय तितं."

"तुमाला कसं कळलं?"

"श्वास ऐकू येतोय की!"

बऱ्याच वेळानं साहेब पलीकडनं म्हणाले, "तात्या, नाही सुटत." तात्या त्या दिवशी स्टँडपासून माझ्या दुकानापर्यंत असे चालत आले, की मला वाटलं मागं वाजंत्री आहे!

*

आता शेवटचा. हा सांगताना मी तिखटमीठ लावत नाही. बापूला विचारा, काकूंना विचारा.

डॉक्टर आठवड्यानं घरी यायचे. खाटेवर वाकून विचारायचे, "तात्या, तुमचं नाव काय? गाव कुठलं? आज वार कोणता?" तात्या छताकडं बघत राहायचे. त्या दिवशी जाताना डॉक्टर काकूंना अंगणात हळूच म्हणाले, "आता फार आशा धरू नका. इतके दिवस गेले म्हणजे..." पुढं त्यांनी वाक्य सोडून दिलं.

काकू चुलीपाशी जाऊन बसल्या. चहा ठेवला, पण त्यात पत्ती टाकलेली नाही, नुसतं पाणी उकळत होतं. आम्हाला बोलायला काही सुचेना. मी आणि बापू!

शेवटी बापू उठला. कोनाड्यातला पट काढून खाटेशेजारच्या स्टुलावर ठेवला. म्हणाला, "बोलवत न्हाय तर मांडू तरी." चिंचोके आणि बटणं घेऊन आम्ही दोघांनी मिळून एक कोडं मांडलं. कोपऱ्यात काळ्याचा गट, चारी बाजूंनी पांढरा. फार अवघड नाही. सगळा खेळ मधल्या एका जागेचा.

बापूनं बघितलं आणि म्हणाला, "जगतो."

मी म्हटलं, "मेलाय."

"आरं जगतो! मधी बसला की झाले दोन डोळं!"

"मधी बसला की एकच राहतो! मेला!"

"तुला दिसतंय का? दुकानात तारा बघून बघून फुटलेत तुजे!"

"आणि तुझे काय? बारामती दिसली नाही तुला!"

"त्यो टँकर काढू नगंस! जगतो म्हनतो मी!"

"अरे मेलाय तो, मेलाय! गाढवाला कळेल!"

झालं! आठवडे साठलेलं सगळं त्या एका कोपऱ्यावर निघालं. बापू उभा राहिला. मी उभा राहिलो. बापूनं माझ्या सदऱ्याला हात घातला. मी त्याची टोपी ओढली. काकू आतनं धावत आल्या, "आवं काय लावलंय, आजारी माणसाम्होरं! लाजा वाटत न्हाईत का?" आम्ही ऐकतोय कुठं! "जगतो!" "मेला!" "जगतो!" "मेला!"

"आदी... कोन?"

आवाज घोगरा होता, ओला. जीभ जड. बापू माझ्या सदऱ्याला धरूनच होता. मान न वळवता, तिरीमिरीत, त्यानं जवाब दिला, "काळा, तात्या, काळा आदी! एवढं बी ह्या येड्याला..."

आणि बापूचा हात सुटला.

आम्ही वळलो नाही. खरं सांगतो, वळायची छाती झाली नाही. समोर काकू उभ्या होत्या, त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो. त्या आमच्याकडं बघतच नव्हत्या. आमच्या खांद्यावरून पलीकडं, खाटेकडं बघत होत्या. पदर तोंडात धरलेला.

मग हळूहळू वळलो. तात्यांनी मान तेवढी कलती केली होती. डोळे छतावर नव्हते. पटावर होते. डाव्या हाताचं बोट गोधडीवर थोडं पुढं सरकत होतं, थोडं मागं येत होतं.

बापू खाटेशी गुडघ्यावर आला. "तात्या! वळखलं का? मी बापू! बोला की तात्या, आजून बोला! काकू, डाक्टरला बोलवा! तात्या, वार कंचा हाय आज? सांगा की! नाव सांगा तुमचं! तात्या, बोला..."

तात्यांनी कपाळाला आठी घातली.

"काळा आदी... मंग..." दम लागला. पुन्हा सुरू केलं. "मंग... गप बसा की जरा!"

आम्ही गप बसलो.